भगुनं, कढई, सांडशी : भांड्यांच्या नावांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळची पत्रं ओट्याभोवतीच फिरणारी आहेत. काहींना शब्दाचं मूळ हवंय, काहींना भांड्याचं काय करावं ते. दोन्ही गोष्टी एकमेकींपासून फार लांब नसतात, म्हणून उत्तरंही एकत्रच देत आहोत.

प्रश्न : आमच्याकडे पातेल्याला सगळे भगुनं म्हणतात. मुलगी पुण्यात दिली आहे. तिच्या सासरी 'भगुनं काय म्हणतेस, पातेलं म्हण' असं होतं. हा शब्द गावठी आहे का? माझी आई सांगायची, भूक भागवतं ते भगुनं. हे खरं का? (औसा, जि. लातूर)

आईंची व्युत्पत्ती गोड आहे, पण टिकत नाही. क्रियापदाला '-णं' जोडून वस्तूचं नाव करायची मराठीची रीत आहेच : लाटायचं ते लाटणं, उलथायचं ते उलथणं, गाळायचं ते गाळणं. पण या रीतीत क्रियापदाच्या अंगाला धक्का लागत नाही. 'भागवणे'पासून नाव झालं असतं तर ते 'भागवणं' झालं असतं. त्यातला 'भा' आखडून 'भ' व्हावा आणि 'गव'चा 'गु' व्हावा, याला आपल्या बोलीत दुसरं उदाहरण सापडत नाही. ज्या बदलाला दुसरं उदाहरण मिळत नाही, ती व्युत्पत्ती कितीही आवडली तरी सोडून द्यावी.

भगुन्याचं जुनं नाव 'बहुगुणें'. जुन्या मराठी कोशांत हा शब्द भांड्याच्या अर्थानेच आहे. 'बहु' म्हणजे पुष्कळ आणि 'गुण' म्हणजे इथे उपयोग. पुष्कळ कामांना येणारं ते बहुगुणें. हिंदीतही 'बहुगुना' हे भांड्याचं नाव आहे आणि तिथे त्याचा आकारही सांगितला जातो : तोंडाचा आणि बुडाचा घेर सारखा, खोल, प्रवासात अनेक कामांना उपयोगी. हिंदीतला भगोना हे त्याचंच घासलेलं रूप.

आता 'बहुगुणं'चं 'भगुनं' कसं झालं? 'ब'च्या मागून येणारा 'ह' पुढे सरकला आणि 'ब'मध्ये मिसळून 'भ' झाला. हे अवघड वाटत असेल तर आपल्याच अंगणात ऐका. बहीण हाक मारताना 'भैन' होते. 'बाहेर'चं 'भाईर' होतं. हैदराबादी दखनीत 'बहोत'चं 'भोत' होतं, आणि तिथे तर 'बहु' हाच शब्द 'भो' झालेला कानाने ऐकता येतो. 'बहुगुणं'मध्येही तोच 'बहु' आहे. पुढचा 'ण'चा 'न' समजावून सांगायला नको. जिथे पाण्याचं पानी आणि कोणचं कोन होतं, तिथे गुणाचा गुन व्हायचाच.

शेजारच्या भाषाही पाहाव्यात. उदगीर-उमरग्याच्या पलीकडे कन्नडमध्ये 'बोगुणी' हे असंच रुंद तोंडाचं भांडं. तिकडे 'ह' पुढे सरकण्याऐवजी गळून गेला आणि 'बहु'चा 'बो' झाला. एकाच नावाची ही दोन वळणं.

व्युत्पत्ती नुसत्या कानावर सोडू नये, वस्तूलाही विचारावं. भगुन्याच्या भिंती सरळ उभ्या असतात. मान नाही, पोट नाही, तोटी नाही. काठ तेवढा बाहेर मुडपलेला. एवढ्या साध्या आकारामुळेच ते बहुगुणी आहे. त्यात भात शिजतो, वरण शिजतं, दूध तापतं, पाणी काढता येतं, वर ताट पालथं घातलं की झाकण झालं. लहान भगुनं मोठ्यात बसतं, त्यामुळे बैलगाडीतून जत्रेला जाताना चार भगुन्यांना एकाचीच जागा लागते. एक गुण सहसा लक्षात येत नाही : सरळ भिंतीमुळे त्यात माप कळतं. आतून २० सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर खोल भगुन्यात काठोकाठ तीन लिटरांहून थोडं जास्त पाणी मावतं, आणि निम्म्या उंचीला बरोबर निम्मं. घागरीत किंवा गडव्यात हे जमत नाही. तिथे निम्म्या उंचीचा निम्म्या पाण्याशी काही संबंध नसतो. पंगतीचं वरण करताना बोट बुडवून किंवा पळी उभी धरून पाण्याचा अंदाज घेतात, तो भगुन्यातच का साधतो, त्याचं कारण हे.

राहिला गावठीपणाचा प्रश्न. पातेल्याचं नातं संस्कृत 'पात्र'शी आहे, भगुन्याचं 'बहुगुण'शी. खानदान दोघांचंही सारखंच. आणि 'ह' पुढे ढकलणं ही खेड्यातली चूक समजायची असेल, तर पुण्यातली कढईही बाद करावी लागेल. संस्कृत 'कटाह', त्याचं प्राकृतात 'कडाह', मग 'ड' आणि 'ह' मिसळून 'ढ' : कढई. भगुन्यात झाली तीच उडी. फरक इतकाच, की कढईची उडी छापील भाषेने मान्य केली आणि भगुन्याची केली नाही.

जाता जाता : कढई आणि कढी या बहिणी नाहीत. कढी, काढा, कढणे हे 'क्वथ्' म्हणजे उकळणे या धातूपासून आले, कढई 'कटाह'पासून. दोघी एकाच चुलीवर भेटल्या आणि एकसारख्या दिसायला लागल्या.

प्रश्न : सांडशीला आमच्यात चेष्टेनं म्हणतात, धरली की सांडते म्हणून सांडशी. खरा अर्थ काय? आणि आमची सांडशी खरंच सांडते, त्याला काय करावं? (परतूर, जि. जालना)

संस्कृतात चिमट्याला 'संदंश' म्हणतात. 'सम्' म्हणजे एकत्र, 'दंश' म्हणजे चावा. दोन जबड्यांनी मिळून चावते ती. 'द'चा 'ड' कसा झाला म्हणाल, तर त्याच 'दंश'पासून आलेले डास, डंख आणि डसणे पाहा. सगळीकडे 'ड'च आहे. तेव्हा सांडणे या क्रियापदाशी हिचं काही देणंघेणं नाही.

तरीही सांडते, त्याची कारणं बहुतेक तीन. पहिलं, रिवेट ढिलं झालेलं. बंद सांडशीचे जबडे आडवे हलवून पाहा. नखाच्या जाडीइतके सरकत असतील तर रिवेटचं डोकं लोखंडी ठोकळ्यावर टेकवून दुसऱ्या बाजूने हातोडीचे दोन-तीन हलके टोले द्या. प्रत्येक टोल्यानंतर उघडझाप करून बघा. जास्त ठोकलं तर सांडशी उघडायचीच नाही. दुसरं, पकड चुकीची. मुडपलेल्या काठाच्या खाली एक ओठ आणि आत दुसरा ओठ गेला पाहिजे; नुसतं काठाचं टोक चिमटीत धरलं तर भगुनं फिरतं. तिसरं कारण वजनाचं. एका काठाला धरलं की सगळं वजन सांडशीपासून लांब, भगुन्याच्या मध्यावर लटकतं आणि मनगटाला पीळ बसतो. भगुनं जितकं रुंद तितका पीळ जास्त. दोन लिटरांच्या पुढचं उकळतं भांडं एका सांडशीने उचलूच नये. समोरासमोर दोन सांडश्या लावाव्यात किंवा दोन्ही हातांनी जाड फडक्यात धरावं. पातळ ॲल्युमिनियमचा काठ वाकलेला असेल तर सांडशी नवी आणून उपयोग नाही, भांडं बदला.

प्रश्न : माळ्यावरून सासूबाईंचं पितळी भगुनं काढलं. आतून कुठं पांढरं, कुठं पिवळं दिसतं. कल्हई करून वापरता येईल का? कल्हई नीट झाली हे कसं ओळखायचं? आणि हा शब्द कुठला? (वसमत, जि. हिंगोली)

शब्द अरबी-फारसीतून आलेला आहे. 'कलई' म्हणजे कथील हा धातू, आणि त्याचा मुलामा तो आपला कल्हई. 'कथील' मात्र संस्कृत 'कस्तीर'चा वारस. गुजरातीत आजही कथीर म्हणतात. म्हणजे धातू एका नावाने ओळखला जातो आणि त्याचा थर दुसऱ्या नावाने.

पांढरं दिसतं तिथे जुनी कल्हई शिल्लक आहे, पिवळं दिसतं तिथे पितळ उघडं पडलंय. उघड्या पितळेत ताक, चिंचेची आमटी, टोमॅटो, लिंबू असलं काहीही ठेवू नका. पितळेत तांबं असतं. आंबटातलं आम्ल ते विरघळवतं आणि पदार्थ कळकतो. हिरवट झाक, तोंडात पैसा चघळल्यासारखी चव आणि खाल्ल्यावर मळमळ ही कळकल्याची खूण. कळकलेलं पुन्हा उकळून सुधारत नाही, टाकून द्यावं.

कल्हई जरूर करा, पण समोर उभं राहून करून घ्या. आधी भांडं आतून चकचकीत घासलं पाहिजे, तेलाचा एक ठिपकाही राहता कामा नये. मग भट्टीवर तापवून आत नवसागराची पूड टाकतात. पांढरा धूर निघतो; नवसागर तापून धातूवरचा गंज खातो तो हाच क्षण. त्या धुराने घसा खवखवतो, तेव्हा हे काम मोकळ्या हवेतच व्हावं आणि लेकरांना जवळ फिरकू देऊ नये. लगेच कथलाची कांडी टेकवली की ती लोण्यासारखी पसरते आणि कापसाच्या बोळ्याने भराभर पुसत ती सगळीकडे नेतात. भांडं कमी तापलेलं असेल तर कथील गुठळ्या धरतं. फार तापलं तर थर पिवळट-निळसर पडतो. तेलकट राहिलेल्या जागी कथील चिकटतच नाही आणि तिथे बेटासारखा पिवळा डाग उरतो. हे तिन्ही दोष सुकल्यावर फडक्याने पुसून दिसतात. भांडं ताब्यात घेण्यापूर्वी उन्हात तिरपं धरून बघा.

सर्वांत महत्त्वाचं, कथलात शिसं मिसळलेलं नको. शिसं स्वस्त पडतं आणि ते मिसळलं की कथील लवकर वितळतं, म्हणून मिसळण्याचा मोह होतो. ओळखायची सोपी खूण : कांडी कानाजवळ धरून वाकवायला सांगा. शुद्ध कथील वाकताना करकर आवाज करतं. शिसं भरपूर असेल तर ती गुपचूप वाकते. आणि कांडी पांढऱ्या कागदावर ओढली असता पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली, तर ती कांडी परत करा.

कल्हईचं भांडं वापरताना एकच नियम पाळला तरी पुष्कळ : कोरडं तापवू नका. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. पाणी आहे तोवर तळ १०० अंशांच्या आसपास राहतो आणि काही बिघडत नाही. रिकामं भगुनं चुलीवर विसरलं तर मात्र कल्हई तळाशी थेंबाथेंबाने गोळा होते. त्यामुळे कडकडीत फोडणीही त्यात करू नये. ती लोखंडी पळीत करून वरून ओतावी. घासायला तारेची घासणी नको, काथ्या आणि राख पुरते. आणि कल्हई असली तरी आंबट आमटी रात्रभर त्यात ठेवायची नाही. पुन्हा कल्हई कधी करायची हे महिन्यांवर ठरत नाही. आत पिवळं दिसू लागलं, की वेळ झाली.

प्रश्न : काठवट आणि काथवट यांतलं बरोबर कोणतं? परातीत भाकरी जमत नाही, काठवटीत जमते, असं म्हातारी माणसं म्हणतात. त्यात तथ्य आहे का? जुनी काठवट तडकली आहे. (गेवराई, जि. बीड)

दोन्ही बरोबर. मूळ 'काष्ठ', त्याचं 'काठ', ज्यापासून काठीही आली. काठवट म्हणजे लाकडाचं पसरट पात्र. हिंदीत तिची बहीण कठौती, संत रोहिदासांच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या 'मन चंगा तो कठौती में गंगा' या म्हणीतली.

तथ्य आहे, थोडंसं. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा ताणणारा चिकटपणा नसतो. त्यामुळे ते गरम पाण्यात भिजवून तळहाताच्या खालच्या भागाने रगडून रगडून एकजीव करावं लागतं. रगडताना हलकी परात पुढे पळते, जड काठवट जागची हलत नाही. लाकूड थोडा ओलावाही शोषतं, म्हणून थापताना भाकरी कमी पिठावर सरकते. बाकी सगळं पिठावर आणि पाण्यावर. एका वाटी पिठाला पाऊण वाटीच्या आसपास कडक गरम पाणी लागतं. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळावं. कडा तडकत असतील तर पाणी कमी पडलंय किंवा मळणं कमी झालंय. पुरेसं पाणी घालून, नीट मळूनही तडकत असतील तर पिठाची विरी गेली आहे, म्हणजे दळण जुनं झालंय. अशा पिठाला आधणाचं पाणी घालून पाहा. तरीही नाही आलं तर त्याची धपाटी करा आणि पुढचं दळण कमी आणा. परातच वापरायची असेल तर तिच्याखाली ओलं फडकं घाला, पळत नाही.

काठवट तडकते ती वाळवण्याच्या चुकीमुळे. उन्हात ठेवली की टोकाकडचं लाकूड आधी सुकतं, मधलं ओलं राहतं, आणि दोघांच्या ओढाताणीत चीर पडते. काम झालं की पीठ ओलं असतानाच खरवडा, पाण्याने झटक्यात धुवा, पुसा आणि सावलीत कडेवर उभी करा. पाण्यात भिजत घालू नका. महिन्या-दोन महिन्यांनी आतून-बाहेरून करडईच्या तेलाचा हात फिरवा. करडईचं तेल हवेत सुकून पातळ पापुद्रा धरतं, त्यामुळे लाकडाला उपयोगी पडतं. मात्र तासाभराने वरचं जादा तेल पुसून घ्यायचं, नाहीतर काठवट चिकट होते आणि धूळ धरते. तुमच्या काठवटीची चीर केसाएवढी असेल तर तेलानेच थांबेल. नख जात असेल तर सुताराकडून बाहेरच्या बाजूने पत्र्याची पट्टी मारून घ्या, आतून नको, खिळ्याचं टोक हाताला लागतं. चीर आरपार गेली असेल तर तिच्यात पीठ अडकून आंबतं. तेव्हा ती वापरातून काढलेली बरी.

प्रश्न : मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तवा, परात, चमचा हे शब्द त्यामुळेच आपल्याकडे उर्दूतून आले का? (जिंतूर, जि. परभणी)

नाही. तसं असतं तर हे शब्द औरंगाबाद-नांदेडला असते आणि साताऱ्याला नसते. दख्खनमध्ये १३४७ला बहमनी राज्य आलं तेव्हापासून फारसी दरबारात होती; निजामाच्या कितीतरी आधीपासून. तवा फारसी 'ताबा'-'तावा'पासून, आणि त्या शब्दाच्या मुळाशी तापण्याचा अर्थ आहे. फारसीतला तो धातू आणि संस्कृत 'तप्' ही एकाच घराण्यातली भावंडं, म्हणून 'तापलेला तवा' म्हणताना दोन लांबचे नातेवाईक शेजारी बसवल्यासारखं होतं. चमचाही फारसी-तुर्कीकडचा. परातीचं मात्र दारच वेगळं : ती पोर्तुगीज 'प्रातो' म्हणजे ताट. घमेलं, पाण्याचं पिंप आणि बंब हेही पोर्तुगीजच. पोर्तुगीजांचं राज्य मराठवाड्यात कधीच नव्हतं. पण भांड्याचं नाव भांडं विकणाऱ्याबरोबर येतं, राज्य करणाऱ्याबरोबर यावंच असं नाही.

प्रश्न : अडकित्त्यात सुपारी अडकते म्हणून अडकित्ता ना? (उमरगा, जि. धाराशिव)

तुम्ही उमरग्याचे, तुम्हाला तर शेजारीच विचारता येईल. कन्नडमध्ये सुपारीला 'अडके' म्हणतात. सुपारी कापायचं हत्यार ते अडकित्ता. तुमच्या अडकित्त्यात सुपारी खरंच अडकत असेल तर पात्याला धार लावून घ्या.